मिठाच्या बरणीतील दोन संयुगे
(भोर व वेल्हे भागांतील प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



भोर आणि वेल्हे या भागांत पावसाळा कसा असतो, हे येथील शिक्षकांना सांगावयास नको. मृगाच्या सरी सुरू झाल्या म्हणजे पायरीचे दगड शेवाळतात, पुस्तकांना कोंदट वास येऊ लागतो, आणि घराघरांतील बरणीत खडेमिठाला पाणी सुटते. मीठ चुलीजवळच्या उबेला ठेवावयाचे, ते याचसाठी. मुले हे दर वर्षी पाहतात; परंतु मिठाला पाणी का सुटते, हे त्यांना कोणी विचारीत नाही. सातवी-आठवीच्या वर्गांत रसायनशास्त्रातील एका अवघड पाठाचा आरंभ करावयाचा, तर या बरणीइतके सोयीचे साधन दुसरे नाही.

हे मीठ मूळचे समुद्राचे. पूर्वी कोकणातील मिठागरांचे मीठ जनावरांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येत असे, आणि भोरच्या पश्चिमेस वरंधा घाटाची वाट आजही महाडकडे उतरते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांत क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम, सोडियम सुमारे ११ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सव्वा ग्रॅमच्या आसपास. मिठागरात पाणी आटत जाते, तेव्हा सोडियम क्लोराइडचे खडे आधी बसतात आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहतात. ते पाणी पुरते निथळले नाही, तर त्यातील काही भाग खड्यांना चिकटूनच येतो. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्याखेरीज पाणी धरीत नाही. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढू लागते. ओलाव्याचा आरंभ प्रायः त्याच्यापासून होतो. वेल्ह्याच्या पावसात अर्थातच शुद्ध मीठही सुटत नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे एका बरणीत दोन संयुगे नांदत आहेत. पहिल्यात एका सोडियममागे एक क्लोरीन असतो. दुसऱ्यात एका मॅग्नेशियममागे दोन. दोन्ही एकाच समुद्रातून आली, एकाच आगरात वाळली. मग एकात एक आणि दुसऱ्यात दोन, हा भेद कशामुळे? या एका प्रश्नाचे उत्तर मुलाला स्वतःच्या बुद्धीने देता आले, तर हा सारा पाठ त्याला आला असे समजावयास हरकत नाही.

येथे एक खुलासा करणे इष्ट आहे. मूलद्रव्यांची चिन्हे आंतरराष्ट्रीय आहेत, ती फळ्यावर रोमन लिपीतच लिहावयाची. या पुस्तिकेत ती उच्चाराप्रमाणे नागरीत छापली आहेत: सोडियमचे एनए, क्लोरीनचे सीएल, मॅग्नेशियमचे एमजी, कॅल्शियमचे सीए, ॲल्युमिनियमचे एएल, ऑक्सिजनचे ओ, नायट्रोजनचे एन, लोखंडाचे एफई. सूत्रात जो अंक चिन्हानंतर आला आहे, तो फळ्यावर चिन्हाच्या पायाशी लहान करून लिहावा.

सध्या हा पाठ पुष्कळ ठिकाणी कसा चालतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. भिंतीवर संयुजांचा तक्ता असतो. वर्ग एका सुरात म्हणतो: सोडियम एक, पोटॅशियम एक, कॅल्शियम दोन, ॲल्युमिनियम तीन. पाठांतराला नावे ठेवण्याचे कारण नाही. पावकी-निमकी पाठ करणाऱ्या जुन्या पिढीने बाजारात कोणाकडून फसवून घेतले नाही. परंतु पावकी रोजच्या व्यवहारात घासली जात होती, म्हणून ती टिकली. संयुजांचा तक्ता परीक्षेनंतर कोठेच वापरला जात नाही. म्हणून तो दिवाळीपर्यंत निम्मा आणि उन्हाळ्यापर्यंत सारा विसरला जातो. पुढे नववीत हे मूल घाटातील वाडीवरून दूरच्या माध्यमिक शाळेत जाते. तेथे समीकरणे येतात, आणि ज्याला मॅग्नेशियम क्लोराइडचे सूत्र मांडता येत नाही, त्याला समीकरण ही परकी भाषा वाटते. त्या वर्षी अनेकांचे विज्ञानावरून मन उडते. त्याचे मूळ नववीत नसते. ते आधीच्या दोन वर्षांत असते.

आता मूळ विषयाकडे वळावे. अणूच्या मध्यभागी केंद्रक असते, त्यात धन प्रभाराचे प्रोटॉन असतात. प्रोटॉनांची संख्या म्हणजेच अणुक्रमांक. सभोवार तितकेच ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन कवचांत वाटलेले असतात. पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात वस्तुतः अठरापर्यंत मावतात. परंतु पहिल्या वीस मूलद्रव्यांपुरते पाहिले, तर तेथेही आठ झाल्यावर पुढचा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातो. प्राथमिक वर्गाला ही वीस मूलद्रव्ये पुरेशी आहेत. सोडियमचा अणुक्रमांक ११, म्हणून त्याची वाटणी २, ८, १. मॅग्नेशियमचा १२, वाटणी २, ८, २. क्लोरीनचा १७, वाटणी २, ८, ७. ऑक्सिजनचा ८, वाटणी २, ६. कॅल्शियमचा २०, वाटणी २, ८, ८, २. सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन ते संयुजा इलेक्ट्रॉन. रासायनिक व्यवहार यांच्याच हातून होतात; आतले त्यांत पडत नाहीत. निऑनची वाटणी २, ८ आणि अरगॉनची २, ८, ८ अशी पुरी भरलेली असते, म्हणून हे वायू सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत. संयोगात इतर अणूंची ठेवणही या भरलेल्या ठेवणीवर येऊन थांबते, ही गोष्ट १९१६ साली जर्मनीत कोसेल यांनी व अमेरिकेत ल्यूइस यांनी स्वतंत्रपणे मांडली.

सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन एक घेतो. पुष्कळ शिक्षक ही गोष्ट गमतीने सांगतात की, सोडियमला तो इलेक्ट्रॉन नकोसा झालेला असतो आणि क्लोरीनला तो हवासा असतो. लहान मुलांपुढे गोष्ट म्हणून ती चालेल. पण शिक्षकाच्या मनात खरा हिशेब असावयास हवा. सोडियम आपण होऊन काहीही देत नाही. वायुरूप सोडियमच्या एका मोलमधून तो एकेक इलेक्ट्रॉन काढावयास ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. क्लोरीनने ते इलेक्ट्रॉन घेतले म्हणजे ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे येथवर १४७ किलोज्यूलांचा तोटाच. हा तोटा भरून येतो तो पुढे. निर्माण झालेले धन व ऋण आयन परस्परांकडे ओढले जाऊन स्फटिक रचतात, तेव्हा ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. तोटा फिटून मोठी शिल्लक उरते, आणि म्हणून मीठ टिकते.

याच हिशेबावरून दुसराही उलगडा होतो. सोडियम एकच इलेक्ट्रॉन का देतो, दोन का नाही? ओसरीवरचा पाहुणा निरोप देऊन उठवता येतो. माजघरातले माणूस तसे उठत नाही. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या भरलेल्या कवचातला असतो, आणि तो काढावयास ४,५६२ किलोज्यूल लागतात. एवढा खर्च कोणताही स्फटिक भरून देत नाही. मॅग्नेशियमच्या ओसरीवर दोघे आहेत. पहिल्याला ७३८, दुसऱ्याला १,४५१; तिसऱ्याची पाळी आली की आकडा एकदम ७,७३३ वर जातो. म्हणून मॅग्नेशियम दोन देऊन थांबतो. हे आकडे मुलांकडून पाठ करून घ्यावयाचे नाहीत. फळ्यावर एकदा एकाखाली एक लिहावे आणि उडी कोठे आहे, हे त्यांनाच विचारावे. पाचवीतले मूलही ती बोट ठेवून दाखवील.

यानंतर प्रभार. येथे बहुतेक वर्गांत एक चाणाक्ष मूल विचारते: दिल्याने कमी व्हावयाचे, मग सोडियमपुढे अधिकाचे चिन्ह कसे? हा प्रश्न दडपू नये. जे दिले ते स्वतःच उणे होते, असे सांगावे. कर्ज दुसऱ्याच्या अंगावर गेले, तर पहिल्याची स्थिती सुधारतेच. मग लगेच वजाबाकी करून घ्यावी. सोडियममध्ये प्रोटॉन ११, इलेक्ट्रॉन उरले १०. म्हणून धन १. क्लोरीनमध्ये प्रोटॉन १७, इलेक्ट्रॉन झाले १८. म्हणून ऋण १. मॅग्नेशियम, कॅल्शियम धन २. ॲल्युमिनियम धन ३. ऑक्सिजन व गंधक ऋण २, नायट्रोजन ऋण ३. ऋण आयन झाला की नावाची अखेर बदलते: क्लोरीनचा क्लोराइड, ऑक्सिजनचा ऑक्साइड, नायट्रोजनचा नायट्राइड.

आता सूत्र. नियम एकच आहे. संयुग प्रभारहीन असते, म्हणून त्यातील धन प्रभारांची बेरीज व ऋण प्रभारांची बेरीज सारखी व्हावयास हवी. हा नियम वाक्य म्हणून शिकविण्यापेक्षा हातात देणे अधिक फलदायी ठरते, आणि त्यासाठी या भागात साहित्याची वाण नाही. वेळूच्या कामट्या तासून घ्याव्यात. एक प्रभार म्हणजे ५ सेंटिमीटर, दोन म्हणजे १०, तीन म्हणजे १५. धन आयनांच्या कामट्यांना गेरू लावावा, ऋण आयनांच्या तशाच ठेवाव्यात, आणि प्रत्येकीवर चिन्ह लिहावे. सोडियमची कामटी ५ सेंटिमीटरची, मॅग्नेशियमची १०, ॲल्युमिनियमची १५. क्लोराइडची ५, ऑक्साइडची १०, नायट्राइडची १५. एका गटाला प्रत्येक प्रकारच्या चार-पाच पुरतात. वर्गाच्या फरशीवर वर गेरूची ओळ, खाली कोरी ओळ मांडावयाची. दोन्ही ओळी एकाच ठिकाणी संपल्या पाहिजेत, आणि कामट्या शक्य तितक्या कमी लागल्या पाहिजेत.

मुले आधी सोडियमखाली क्लोराइड ठेवतात, ओळी जुळतात. एनए-सीएल. मग मॅग्नेशियमखाली क्लोराइड ठेवतात. कोरी ओळ अर्धीच भरते. कोणी न सांगता एखादे मूल दुसरी क्लोराइड आणून लावते, आणि बरणीतल्या कोड्याचे उत्तर त्याच्या हातून घडते: एमजी-सीएल-२. पुढे सोडियम व ऑक्साइड दिले की कोऱ्या ओळीची बाजू मोठी होते, सोडियम दोन लागतात, एनए-२-ओ. मॅग्नेशियम व ऑक्साइड एकास एक. त्यानंतर खरी कसोटी ॲल्युमिनियम व ऑक्साइडची. १५ खाली १० ठेवले, उरले ५. आणखी एक ऑक्साइड लावला तर ५ जास्त. मग दुसरा ॲल्युमिनियम, मग तिसरा ऑक्साइड, आणि ३० सेंटिमीटरवर दोन्ही ओळी एकत्र येऊन थांबतात. एएल-२-ओ-३. या ठिकाणी गणिताचा तास आठवून द्यावा. ३ आणि २ यांचा लसावि ६. मुलांनी कामट्यांनी जो शोधला, तो लसाविच होय. अपूर्णांकांच्या बेरजेपलीकडे लसाविचा उपयोग काय, असे ज्या मुलाला वाटत असेल, त्याला येथे उत्तर मिळते. शेवटी मॅग्नेशियम व नायट्राइड द्यावे. ज्याने मॅग्नेशियम तीन व नायट्रोजन दोन असे चटकन मांडले, त्याला यापुढे तक्त्याची गरज उरली नाही.

तिरकस गुणाकाराची पद्धत पाठ्यपुस्तकांतून रूढ आहे. एकाचा प्रभार दुसऱ्याच्या पायाशी, दुसऱ्याचा पहिल्याच्या पायाशी. ती वेगवान आहे, आणि समजून घेतलेल्या मुलाने ती अवश्य वापरावी. परंतु आरंभ तिने केला, तर मॅग्नेशियम ऑक्साइडचे सूत्र एमजी-२-ओ-२ असे येते, आणि मग संक्षेप करावयाचा असा एक जादा नियम पाठ करवावा लागतो. कामट्यांच्या रीतीत ही चूक होऊच शकत नाही, कारण एकास एक ठेवताच ओळी जुळतात. जी रीत चुकीला वाव देत नाही, ती आधी शिकवावी.

तथापि कामट्यांतून एक गैरसमज शिरण्याचा संभव आहे. एक सोडियम व एक क्लोराइड शेजारी ठेवले की मुलांना ती जोडी वाटते, आणि ती म्हणतात की हा मिठाचा रेणू. मिठात अशी जोडी नसते. पाण्याचा रेणू असतो, साखरेचा असतो, मिठाचा नसतो. १९१३ साली इंग्लंडमध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली, तेव्हा असे दिसले की प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आहेत, आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. कोणाचा सोबती कोण, हे ठरविताच येत नाही. वडील विल्यम हेन्री ब्रॅग व पुत्र यांना १९१५ साली मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. पुत्राचे वय त्या वेळी अवघे २५ होते. ही कल्पना त्या काळच्या जाणत्यांनाही सहज पचली नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या वृद्ध इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १९२७ साली ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून, मिठाला बुद्धिबळाच्या पटासारखे ठरविणाऱ्यांवर कडक टीका केली. जन्मभर रसायनशास्त्र शिकविलेल्या माणसाला जे पटले नाही, ते आठवीतल्या मुलाला एका तासात पटावे अशी अपेक्षा धरू नये.

आर्मस्ट्राँग यांनी ज्या पटाची टर उडविली, तोच येथे उपयोगी पडतो. अंगणात खडूने सहा घरे लांब व सहा घरे रुंद असा पट आखावा. एका घरात चिंचोका, दुसऱ्यात पांढरा खडा, असे आळीपाळीने मांडावे. चिंचोके १८, खडे १८. मधल्या एका चिंचोक्याला चार खडे शेजारी आहेत. वरच्या थरात एक व खालच्या थरात एक कल्पिला की सहा झाले. मग विचारावे की सूत्रातील एकास एक कोठे दिसते? जोडीत दिसत नाही, मोजणीत दिसते. सूत्र म्हणजे प्रमाण, हे शब्द न उच्चारताही मुलांना कळते. नंतर खडेमीठ बहिर्गोल भिंगाखाली दाखवावे. पैलू बहुधा काटकोनात असतात.

मीठ पाण्यात पडले की हे आयन सुटे होऊन हिंडू लागतात. स्वीडनमधील स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ साली आपल्या प्रबंधात, असे पदार्थ पाण्यात प्रभारित कणांत विभागतात, हा विचार मांडला. उप्साला विद्यापीठाने त्या प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली, आणि १९०३ साली त्याच कार्याला नोबेल पारितोषिक मिळाले. वर्गात याची प्रचीती विजेरीचे तीन सेल, एक लाल एलईडी आणि दोन पेन्सिलींची शिसे घेऊन येते. कोरड्या मिठात शिसे खोचली तर दिवा लागत नाही. तेच मीठ पाण्यात विरघळवले की लागतो. साखरेच्या पाण्यात लागत नाही; निदान मिठाइतका तर नाहीच, कारण विहिरीच्या पाण्यातही थोडे क्षार असतात. शिसे परस्परांना टेकू देऊ नयेत, प्रयोग क्षणभरच करावा, आणि घरगुती विजेची तार या कामी कधीही वापरू नये.

काही आयन अनेक अणूंचे मिळून बनतात व एक कुटुंब म्हणून वावरतात. हायड्रॉक्साइड व नायट्रेट ऋण १, कार्बोनेट व सल्फेट ऋण २, अमोनियम धन १. एवढे पाच पुरे. यांचे प्रभार मात्र पाठ करावेच लागतात. येथे पळवाट नाही. कंस का लागतो, हे चुन्यावरून सांगावे. चुना या मुलांना परका नाही. पानाच्या चंचीत तो असतो, आणि आजूबाजूच्या गडांवरील जुन्या बांधकामांत दगड सांधलेले आहेत तेही चुन्यानेच. चुनखडी भाजली की चुनकळी होते, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. सूत्र सीए-ओ, दोनास दोन. तिच्यावर पाणी घातले की ती फसफसून तापते व विरलेला चुना होतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. कॅल्शियम धन २, हायड्रॉक्साइड ऋण १. म्हणून हायड्रॉक्साइडची दोन कुटुंबे हवीत. सीए, कंसात ओएच, कंसाबाहेर २. कंस गाळून २ लिहिला, तर हायड्रोजन दोन होतात आणि ऑक्सिजन एकच राहतो. कुटुंबातले एकच माणूस जेवावयास बोलाविल्यासारखे होते. हाच चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. तेथे दोनास दोन, म्हणून कंस नाही. चुन्याच्या निवळीत काचेच्या नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, तो हाच बदल. निवळी तोंडात ओढली जाऊ नये, आणि चुनकळी मुलांच्या हाती देऊ नये. डोळ्यात गेली तर दृष्टी जाण्याचा धोका असतो.

भातखाचरांसाठी घरात आलेल्या खताच्या पिशव्याही येथे वाचनमाला होऊ शकतात. अमोनियम सल्फेटचे सूत्र मुलांनी या रीतीने मांडावे. कंस या वेळी पुढच्या बाजूस येतो. युरियाच्या पिशवीवर मात्र ही रीत चालवू नये. तो आयनिक नाही. त्याचे अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बांधलेले असतात, आणि तो पाठ वेगळा आहे.

रीतीची आणखी एक मर्यादा भोरच्या मुलांना पायाखालीच सापडते. रायरेश्वराच्या पठारावरील रंगीत माती पाहावयास लोक लांबून येतात. तांबड्या मातीचा तांबडेपणा मुख्यतः लोखंडाच्या ऑक्साइडचा, आणि पिवळसर छटा पाणी धरलेल्या लोहसंयुगाची. दोन्हींत लोखंडाचा प्रभार धन ३ असतो. कामट्यांवर लावलेला गेरूही त्याच जातीचा. सूत्र एफई-२-ओ-३, ॲल्युमिनियमसारखेच. परंतु लोखंड काही संयुगांत धन २ ही असते. बाहेरच्या कवचाचे इलेक्ट्रॉन मोजून हे दोन प्रभार निघत नाहीत, कारण लोखंडाच्या बाबतीत आतल्या कवचातील इलेक्ट्रॉनही व्यवहारात भाग घेतात. म्हणून लोखंड, तांबे यांचा प्रभार शिक्षकाने सांगून टाकावा आणि सूत्र मात्र मुलांकडून मांडून घ्यावे. जे नियमात बसत नाही, ते ओढून बसविल्याने नियमावरचा विश्वास उडतो.

शेवटचा मुद्दा शाळेच्या आवारातला आहे. क्लोरीन आणि क्लोराइड हे शब्द मुले एकमेकांबद्दल वापरतात, आणि मोठी माणसेही वापरतात. भेद एका इलेक्ट्रॉनचा आहे. क्लोराइड रोजच्या भाकरीत असतो. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू आहे. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे तो शस्त्र म्हणून सोडला गेला. विहिरीत व टाकीत टाकावयाची टी.सी.एल. पावडर गावोगाव असते. शौचालय धुण्याचे ॲसिड अनेक शाळांत असते, आणि त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. स्वच्छता अधिक व्हावी म्हणून कोणी ही दोन्ही एकत्र ओतली, तर पावडरीतून तोच वायू बाहेर पडतो. शौचालयाची खोली लहान व कोंदट असल्याने तो तेथे साचतो. म्हणून पावडरीचा डबा व ॲसिडची बाटली निरनिराळ्या खोल्यांत, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावी. दोहोंवर मोठ्या मराठी अक्षरांत नाव लिहावे. हे काम मुलांकडून करवून घेऊ नये. आणि तसा तिखट, घसा धरणारा वास कधी आलाच, तर मुलांना तत्काळ उघड्यावर, वारा येतो त्या दिशेस व उंचवट्यावर न्यावे. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने सखल जागी उतरतो.